टेबलापासून दिसणारे झाड

इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात उगम पावते. नागफणीच्या सुळक्याच्या पायथ्याचे हे गाव सह्याद्रीच्या अगदी काठावर आहे. गाव ओलांडले की कोकणची उतरण सुरू होते. इतिहासाच्या वाचकाला कुरवंडे घाट आठवतो तो १६६१ सालच्या उंबरखिंडीच्या लढाईमुळे. मोगल सरदार कारतलबखानाची फौज याच वाटेने उतरली आणि खालच्या दाट रानात कोंडली गेली. आज या परिसरात फौजा येत नाहीत, पण मुंबई-पुण्याच्या कंपन्यांच्या बस शनिवारी-रविवारी येतात. कर्मचाऱ्यांना दोन दिवस डोंगर, धुके आणि हिरवाई दाखवायची, सोमवारी पुन्हा वातानुकूलित मजल्यावर नेऊन बसवायचे, अशी ही पद्धत आता रुळली आहे. सहल वाईट नाही. लोक मोकळे होतात, एकमेकांशी बोलतात. पण तिच्यामागचा समज तपासून पाहायला हवा. निसर्ग ही वर्षातून एकदा घाऊक घ्यायची गोष्ट आहे आणि उरलेले वर्ष त्या साठ्यावर निघते, असा तो समज आहे. गेल्या चाळीस वर्षांतले संशोधन नेमके याच्या उलट दिशेने बोट दाखवते. माणसाच्या मनाला निसर्गाचा उपयोग होतो तो थोडा, पण रोज, आणि काम करता करता मान वर केली की दिसेल इतक्या जवळ असला तर. हे मान्य केले, तर कामाच्या जागेत झाडे आणण्याचा प्रश्न रोपवाटिकेचा राहत नाही. तो इमारतीच्या नकाशाचा होतो.

असे का, हे कळण्यासाठी लक्ष देणे म्हणजे काय ते आधी पाहावे लागते. हिशेब तपासणे, संगणकावर आज्ञावली लिहिणे, यंत्रावरच्या मापावर नजर ठेवणे या कामांत मनाला मुद्दाम एका जागी धरून ठेवावे लागते आणि बाकीचे सारे दूर लोटावे लागते. स्टीफन आणि रेचेल कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ च्या आपल्या ग्रंथात मांडले की ही ताकद वापराने थकते, आणि मनाला न ओढता गुंतवणाऱ्या गोष्टींकडे पाहिले की ती भरून येते. हलणारी पाने, ढगांची सरक, पाण्यावरचा उजेड या त्या गोष्टी. मोबाइलच्या पडद्याचे तसे नाही. तोही गुंतवतो, पण ओढून गुंतवतो. कॅप्लन यांच्या आधी, १९८४ साली, रॉजर उलरिक यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला होता. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्यांनी २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी आठ दिवसांच्या आत घरी गेले, भिंत पाहणाऱ्यांना पाऊण दिवस जास्त लागला, आणि झाडे पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. या रुग्णांना कोणी बागेत नेले नव्हते. पलंगावरून जे दिसत होते तेवढेच त्यांना मिळाले. मेलबर्नमध्ये केट ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आणखी बारीक आहे. दीडशे विद्यार्थ्यांना चिकाटीने लक्ष द्यावे लागेल असे कंटाळवाणे काम दिले, मध्ये ४० सेकंद थांबवले, आणि त्या वेळात काहींना फुललेल्या गच्चीचे चित्र दाखवले, काहींना उघड्या काँक्रीटच्या गच्चीचे. फुललेली गच्ची पाहिलेल्यांच्या चुका नंतर कमी झाल्या. चहाला जाऊन यायलाही ४० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो.

कार्यालयातल्या झाडांबद्दल सर्वात जास्त सांगितला जातो तो आकडा १५ टक्क्यांचा आहे. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या चालू कार्यालयांत न्यूवेनहाउस, नाइट, पोस्टमेस आणि हॅस्लम यांनी केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष २०१४ साली छापून आला. ओस, निव्वळ टेबल-खुर्चीच्या कार्यालयात झाडे आणल्यावर कामाचा उरक सुमारे १५ टक्क्यांनी वाढला, असे त्यातल्या एका प्रयोगात दिसले. हा आकडा जाहिरातींतून फिरतो, पण त्याच्याबरोबर असलेली अट मागे राहते. झाडे ठेवताना प्रत्येकाला आपल्या जागेवरून ती दिसतील याची काळजी घेतलेली होती. आपल्याकडे होते ते असे: प्रवेशद्वाराशी संगमरवरी स्वागतकक्ष, तिथे हिरवी भिंत आणि कारंजे, साहेबांच्या केबिनला खिडकी आणि खिडकीत बोन्साय, आणि जिथे दोनशे माणसे नऊ तास बसतात त्या मजल्याच्या मधोमध फक्त ट्यूबलाइट. झाडांवरचा खर्च झालेला असतो, फोटोही छान येतात. पण ज्याच्या डोळ्यांसाठी तो खर्च व्हायला हवा होता, त्याला झाड दिसते ते सकाळी आत येताना आणि संध्याकाळी बाहेर पडताना, दोन-दोन मिनिटे. कामगाराच्या हिताचा खर्च असा दुसरीकडे जातो आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही, ही खरी अडचण आहे.

इंद्रायणी कुरवंड्याहून निघते ती लोणावळा, कामशेत, तळेगाव करत देहू-आळंदीला पोचते आणि तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत ती पिंपरी-चिंचवडच्या उत्तरेची कड धरून वाहते, आणि या टापूत महाराष्ट्रातले एक जुने, विचारपूर्वक केलेले उदाहरण उभे आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरी-चिखलीच्या माळावर जमीन घेतली. कंपनीची धुरा वाहणाऱ्या सुमंत मूळगावकरांनी त्या उजाड, खडकाळ जमिनीवर हजारो झाडे लावून घेतली आणि तळे करवले; आज ते सुमंत सरोवर म्हणून ओळखले जाते आणि तिथे पाणपक्षी येतात. ट्रक बनवणाऱ्या कारखान्याला तळ्याची गरज नसते. मूळगावकर मात्र कारखाना आणि परिसर एकाच आराखड्यात पाहत होते. त्याच सुमाराला, १९६७ साली, न्यूयॉर्कमध्ये फोर्ड फाउंडेशनची इमारत पुरी झाली. तिची रचना तर याहून थेट होती. मधोमध काचेखाली बहुमजली उंचीची बाग, आणि कार्यालयांच्या खिडक्या त्या बागेकडे उघडणाऱ्या. एकाने माळरानावर, दुसऱ्याने मॅनहॅटनच्या दाटीत, पण दोघांनीही झाडांचा विचार इमारत उभी राहिल्यावर केला नाही. पुण्यातच हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी सुझलॉनसाठी आखलेले ‘वन अर्थ’ संकुल २००९ च्या सुमारास उभे राहिले. तिथे बुटक्या इमारती अंगणांभोवती आणि पाण्याभोवती पसरल्या आहेत, त्यामुळे दिवसाचा उजेड आणि बाहेरचे दृश्य आतपर्यंत पोचते. इमारत अरुंद ठेवली की हे आपोआप साधते, रुंद आणि खोल केली की नंतर कितीही कुंड्या आणून साधत नाही. खिडकीपासून सात-आठ मीटरपलीकडे बसलेल्या माणसाला बाहेरचे झाड जवळपास नसल्यासारखेच असते.

आता झाडांच्या बाजूने केला जाणारा एक दावा मुळातूनच सोडून द्यावा लागेल, आणि तो सोडल्याने आपली बाजू अधिक भक्कम होते. घरातली झाडे हवा शुद्ध करतात, हा तो दावा. त्याचे मूळ १९८९ साली बी. सी. वोल्व्हर्टन यांनी नासासाठी केलेल्या अभ्यासात आहे. लहान, बंद पेट्यांत कुंड्या ठेवून बेंझीन, फॉर्मल्डिहाइड यांसारखे वायू सोडले आणि ते किती कमी झाले हे मोजले. पेटीत ते कमी झाले हे खरे. पण कार्यालय ही बंद पेटी नसते. तिथे हवा सतत बदलत असते. कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा इमारतीच्या नेहमीच्या वायुवीजनाइतके काम करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला १० पासून १,००० पर्यंत झाडे लागतील असे निघाले. म्हणजे माणसांना बसायला जागाच उरणार नाही. मनी प्लांट आणि अरेका पाम विकताना अजूनही हवा शुद्धीचा फलक लावला जातो. त्यावर विसंबून खिडक्या बंद ठेवणे, ताजी हवा आत घेणाऱ्या यंत्रणेवरचा खर्च वाचवणे, हे तर थेट अपायकारक आहे. शुद्ध हवा हवी असेल तर खिडकी उघडावी, हवा खेळती ठेवावी. झाड ठेवायचे ते डोळ्यांसाठी.

डोळ्यांसाठी, मनासाठी असे म्हटले की पुढचा आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे: हा पुरावा तरी किती पक्का? उलरिक यांचे रुग्ण ४६ होते, ली यांचे विद्यार्थी पडद्यावरचे चित्र पाहत होते, आणि कार्यालयात काहीही नवे आणले की लोक काही दिवस उत्साहाने काम करतात. २००९ साली ब्रिंग्सलीमार्क, हार्टिग आणि पाटील यांनी घरातल्या झाडांवरच्या प्रयोगांचा चिकित्सक आढावा घेतला, तेव्हा निकाल एकसारखे नाहीत आणि परिस्थितीनुसार बदलतात असाच त्यांचा सूर होता. त्याआधी १९९८ साली लार्सन आणि सहकाऱ्यांनी कार्यालयासारख्या खोलीत झाडे वाढवत नेली, तर लोकांना खोली अधिक आवडली पण अक्षरे शोधण्याचे यांत्रिक काम मंदावले. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. झाड म्हणजे सगळ्या कामांना लागू पडणारे टॉनिक नाही, हे तो सांगतो. ठरावीक ठेक्यात हात चालवायचे काम असेल तर भोवताली दाटी नकोच. जिथे मन थकते, निर्णय घ्यावे लागतात, चुकीची किंमत मोठी असते, तिथे अधूनमधून नजर टेकवायला काही असणे उपयोगी. शिवाय उरकाचे टक्के हा एकच निकष का धरावा? लार्सन यांच्या प्रयोगातही माणसांना झाडे असलेली खोली बरी वाटली होती. जागेपणीच्या आयुष्याचा मोठा भाग माणूस कामाच्या जागेत घालवतो. ती जागा सुसह्य असावी यासाठी प्रत्येक वेळी नफ्याचा दाखला मागणे मला पटत नाही. स्वच्छ पाणी, पुरेसा उजेड, बसायला खुर्ची यांसाठी आपण तो मागत नाही.

मग कोणती झाडे, याचे उत्तर नदीच्या काठाकाठाने बदलत जाते. लोणावळा-कुरवंडे भागात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर आणि कधी त्याहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. पुण्यात तो सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास येतो. रेल्वेने ६४ किलोमीटरचे अंतर, आणि तेवढ्यात पाऊस पाच-सहा पटींनी उतरतो. कुरवंड्याच्या रानात अंजन, जांभूळ, हिरडा, पिसा वाढतात आणि उतारांवर कारवी माजते, ती सात वर्षे थांबून एकदम फुलते. ही झाडे घाटमाथ्याची आहेत. त्यांतले जांभूळ देहू-तळवड्यापर्यंत साथ देते, बाकीच्यांना तिथला कोरडा उन्हाळा मानवणार नाही. खालच्या टापूत करंज, कडुनिंब, बहावा, तामण शोभतात आणि जगतात. हे ध्यानात न घेता सगळीकडे एकच हिरवा पोशाख चढवला जातो: आयात पाम, सतत पाणी पिणारे लॉन आणि कुंपणाला भराभर वाढणारा गिरिपुष्प. लॉनवर पक्षी फारसे उतरत नाहीत, सावली पडत नाही, ऋतू कळत नाही. चैत्रात बहावा पिवळा होतो, वैशाखात तामण जांभळे होते, जांभळाखाली मृगाच्या सुमारास रस्ता रंगतो. टेबलापाशी बसलेल्या माणसाला वर्ष पुढे सरकल्याचे हे झाडच सांगते. पाम बारा महिने तोच असतो, आणि न बदलणाऱ्या गोष्टीकडे पाहणे माणूस महिन्याभरात सोडून देतो. वर म्हटलेल्या नव्याच्या उत्साहाला उत्तर द्यायचे तर ते इथे आहे. जे झाड स्वतः बदलते, त्याचे नवेपण दर ऋतूत परत येते.

कुरवंड्यासारख्या ठिकाणी कार्यालय, रिसॉर्ट किंवा प्रशिक्षण केंद्र उभारणाऱ्याला वेगळीच अडचण असते. तिथे हिरवाई कमी नाही, पाऊस जास्त आहे. चार महिने हवा ओलीचिंब, भिंतींना बुरशी, कपाटातल्या कागदांना ओल. अशा खोलीत कुंड्या ठेवून आणखी दमटपणा वाढवण्यात शहाणपण नाही. मावळातल्या जुन्या घरांनी यावर काढलेला तोडगा साधा आहे: लांब उतरते छप्पर, आणि त्याच्याखाली ओसरी किंवा पडवी. पावसाच्या झडीच्या बाजूला गवताचे तट्टे बांधायचे, दुसरी बाजू मोकळी ठेवायची. भात निवडणे, अवजारे दुरुस्त करणे, देण्याघेण्याची बोलणी, मुलांचा अभ्यास हे सारे तिथेच चालते; माणूस कोरडा राहतो आणि समोरचे शेत दिसत राहते. ही कामाचीच जागा होती, आणि तिच्यात निसर्ग वेगळा आणावा लागत नव्हता. आजचा वास्तुरचनाकार तेच छप्पर काँक्रीटमध्ये बाहेर काढू शकतो, जेवणाची आणि बैठकीची जागा पडवीसारखी अर्धी उघडी ठेवू शकतो. त्याऐवजी कड्याकडे तोंड करून चकचकीत बंद काच लावली जाते. मग उन्हाळ्यात ती तापते म्हणून पडदे ओढले जातात, पावसाळ्यात तिच्यावर वाफ धरते, आणि एवढे मोठे दृश्य विकत घेऊन ते वर्षातला बराच काळ झाकून ठेवले जाते.

डास, साप, गळणारी पाने, माळ्याचा पगार या तक्रारी व्यवस्थापकांकडून येतात आणि त्या निराधार नाहीत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या बशीतल्या चमचाभर पाण्यातही वाढतो. म्हणून बशा आठवड्यातून एकदा कोरड्या करायला हव्यात, नाहीतर बशीच ठेवू नये. खर्चाचे म्हणाल तर खरा महाग असतो तो भाड्याच्या कुंड्यांचा फेरा, मेलेले रोप न्यायचे आणि नवे आणायचे. पश्चिमेच्या भिंतीसमोर जमिनीत लावलेले करंजाचे झाड पहिली दोन-तीन वर्षे पाणी मागते, नंतर ती भिंत तापू न देऊन विजेचे बिल हलके करते. याहून अवघड आक्षेप आहे तो खिडकी नसलेल्या कामांचा. कुरवंड्याच्या शेजारीच १९४५ साली सुरू झालेले आयएनएस शिवाजी हे नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आहे. युद्धनौकांची यंत्रे चालवणारे तिथे डोंगरात शिकतात आणि पुढे ज्या इंजिनरूममध्ये काम करतात तिला खिडकी नसते. शीतगृह, रंगकामाचा बंद कक्ष, रात्रपाळीचे कॉल सेंटर यांचेही तसेच. रात्री बाहेरचे झाड काळोखात जाते. अशा ठिकाणी मजल्यावर, मंद उजेडात जगणारी रोपे ठेवण्याला खरा अर्थ आहे, आणि त्याहून मोठा अर्थ विश्रांतीच्या जागेला आहे. यंत्रापाशी झाड नेता येत नसेल तर सुटीच्या पंधरा मिनिटांची जागा झाडाखाली, पायी दोन मिनिटांच्या आत हवी. बहुतेक कारखान्यांत ती कँटीनच्या मागे, पार्किंगच्या पत्र्याखाली असते.

आणि नदी? आळंदीला इंद्रायणीच्या पाण्यावर पांढरा फेस तरंगतो, त्याची छायाचित्रे वारीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत येतात. शहरांचे मैलापाणी आणि उद्योगांचे सांडपाणी मिळून तो फेस होतो. कुंपणाच्या आत कमळांचे तळे आणि कुंपणाच्या बाहेर फेसाळलेली नदी असे असेल, तर आतल्या हिरवाईला काय म्हणायचे, असा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. काही जण त्यावरून निष्कर्ष काढतात की कार्यालयातली झाडे हा नुसता देखावा आहे. मला ते मान्य नाही. आपल्या औद्योगिक वसाहतींनी नदी-ओढ्यांकडे पाठ केली, तिकडे संडासाच्या झरोक्याच्या भिंती, भंगार आणि सांडपाण्याचे नळ काढले; कोणाच्याच खिडकीतून प्रवाह दिसत नाही, म्हणून तो काळा झाला तरी कोणाचा दिवस बिघडत नाही. तोच ओढा दोनशे टेबलांसमोर असता, तर त्याच्या रंगाची तक्रार पहिल्या आठवड्यात वरपर्यंत गेली असती. सांडपाणी शुद्ध करण्याचे काम यंत्रणेने आणि कायद्यानेच व्हायला हवे, खिडकी त्याची जागा घेऊ शकत नाही. पण रोज पाहणारे डोळे ही देखरेखच असते.

कायदा या बाबतीत कुठवर आला आहे? १९४८ च्या कारखाना अधिनियमात वायुवीजन, तापमान आणि प्रकाश यांची स्वतंत्र कलमे होती. खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात इतका तपशील त्यात होता, कारण काच उजेडासाठी होती. तिच्यापलीकडे काय दिसावे हा विषय त्या काळाचा नव्हता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही भर हवा, उष्णता, उजेड यांवरच आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रांत मोकळ्या जागेचा ३३ टक्के भाग झाडांखाली आणण्याची अट असते. पण ती क्षेत्रफळ मोजते, म्हणून झाडे जातात भूखंडाच्या मागच्या कडेला, जिथे कोणीच बसत नाही. जर्मनीने २०१६ मध्ये कार्यस्थळांच्या नियमावलीत बाहेर नजर जाईल अशी खिडकी कायमच्या कामाच्या जागेला असावी, अशी तरतूद केली. तांत्रिक कारणाने जिथे ते शक्य नाही तिथे सूट ठेवली. आपल्याकडे असे करायला नवा निधी लागणार नाही. त्या ३३ टक्क्यांतला ठरावीक हिस्सा कामाच्या मजल्यावरच्या आणि कँटीनच्या खिडक्यांसमोर असावा, आणि मंजुरीच्या नकाशावर प्रत्येक बैठकीपासून बाहेर जाणारी नजरेची रेष काढून दाखवावी, एवढी अट पुरेल. आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटा आपण त्याच नकाशावर आजही काढून दाखवतोच.